डाळ शिजावी, बाई शिजू नये



गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात महिला बचत गटाची बैठक होती. गटाचा जमाखर्च लिहून देण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. हिशेब वाचून झाला आणि बोलता बोलता विषय महागाईवर आला. आम्ही मोठ्या उत्साहाने सांगू लागलो, "तूरडाळ परवडत नसेल तर हुलगे खा, मटकी खा, चवळी खा. ताकदीला ती कुठे कमी नाहीत." तेवढ्यात मागे बसलेली एक ताई म्हणाली, "भाऊ, हुलगा स्वस्त आहे हो. पण तो शिजेपर्यंत गॅस कोण जाळणार? आणि शेगडीपुढे उभं कोण राहणार? तुम्ही?"

बैठकीत हशा पिकला. आम्हीही हसलो. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. ही ताई माणकोलीकडच्या एका गोदामात माल भरण्याचे काम करते. सकाळी सातला घर सोडते, परत यायला संध्याकाळचे सात वाजतात. नवरा यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीत. भिवंडीतल्या आपल्या किती घरांची हीच कथा आहे! पूर्वी घरातला एक माणूस लूमवर जाई. आता काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या पट्ट्यातल्या गोदामांत आपल्या बायका आणि मुलीही जातात. पगार दोन झाले, पण स्वयंपाकाचे हात मात्र तेच दोन राहिले.

२०१५ साली दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली होती, हे कुणी विसरलेले नसेल. त्या वर्षी कित्येक घरांत वरणाचे पाणी झाले. कोरड्या डाळीत आणि कडधान्यात शेकडा २० ते २५ भाग प्रथिने असतात. ज्या घरात मटण आठवड्यातून एकदा आणि दूध चहापुरते, त्या घरातल्या वाढत्या मुलांच्या अंगाला लागते ते हेच. म्हणून कडधान्य कसे शिजवावे हा प्रश्न आम्हाला तरी क्षुल्लक वाटत नाही. स्वस्त कडधान्य शिजवण्यात महाग पडत असेल, तर ते स्वस्त कसले?

वैलावरचे मडके

आमचे आईवडील १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून भिवंडीला आले. आजी मात्र गावीच राहिली. लहानपणी सुट्टीत आम्ही तिच्याकडे जात असू. तिच्या मातीच्या चुलीला बाजूला वैल होता. चुलीचा जाळ भाकरीसाठी, आणि चुलीतून निघणारी उरलीसुरली धग वैलासाठी. त्यावर डाळीचे मडके बसलेले असे. भाकऱ्या होईपर्यंत डाळ आपोआप मऊ होई. हुलगे असले तर आजी गोवऱ्यांची आर राखेने झाकून त्यात मडके ठेवी आणि दुसऱ्याच्या शेतात कामाला निघून जाई. दुपारी येऊन घोटले की माडगे तयार. तिला कुणी इंधनबचतीचे शिबिर दाखवले नव्हते. सरपण डोक्यावरून आणावे लागे, एवढी एकच शिकवण तिला पुरेशी होती.

आपल्या भिवंडीतही मंद शिजवण्याची परंपरा जुनीच आहे. मोहरमच्या दिवसांत मोमीनपाड्यातले आपले शेजारी खिचडा करतात. गहू, निरनिराळ्या डाळी आणि मटण मोठ्या देगेत घालून रात्रभर बारीक विस्तवावर शिजवतात. सकाळी डाळ कुठली आणि गहू कुठला हे ओळखू येत नाही.

गॅसची शेगडी आली आणि वैल गेला. प्रेशर कुकर आला आणि वेळ वाचला. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंश सेल्सियसच्या आसपास उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते. कुकर ही गरिबाच्या घरातली मोठी सोय आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण कुकर फुरफुरत असताना कुणीतरी शिट्ट्या मोजत बसावेच लागते.

विजेचे भांडे आणि आमची फजिती

दोन वर्षांपूर्वी आमचा भाचा आखाती देशातून सुट्टीवर आला. येताना त्याने आमच्यासाठी विजेवर चालणारे मंद आचेचे भांडे आणले. त्याला स्लो कुकर म्हणतात. आत चिनी मातीचे जड भांडे, बाहेर विजेची तार, वर काचेचे झाकण. "मामा, सकाळी घालायचं आणि संध्याकाळी खायचं," एवढे सांगून भाचा मोकळा झाला. सोबत इंग्रजीत छापलेली पुस्तिका होती. ती आम्ही कपाटात ठेवली. चूक आमचीच.

पहिल्याच रविवारी आम्ही राजमा आणला. पत्नीला त्या दिवशी आराम द्यावा म्हणून कारभार आमच्याकडे घेतला. राजमा जेमतेम दोन तास भिजवला, त्याच पाण्यासकट भांड्यात ओतला आणि खटका अगदी मंदावर ठेवला. संध्याकाळी दाणे फुगलेले दिसत होते. दाताखाली थोडे कचकचले, पण सर्वांनी आमचे कौतुक करत खाल्ले. दोन तास होतात न होतात तोच मुलीला उलट्या सुरू झाल्या. मग आम्हाला, मग पत्नीला. रात्री रिक्षा करून डॉक्टर गाठावे लागले. मुलीला सलाइन लावले. दुसऱ्या दिवशी सगळे ठीक झाले, परंतु ती रात्र आम्ही विसरलेलो नाही.

असे का झाले, हे नंतर वाचून समजले. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे विषारी द्रव्य असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी उलट्या होऊ शकतात. खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत त्रास सुरू होतो. राजमा खळखळून उकळला की हे विष निकामी होते. पण भांडे ८० अंशांच्या आसपासच राहिले तर ते नाहीसे न होता उलट आणखी वाढू शकते. मंद भांड्याचा कारभार नेमका त्याच आसपास चालतो. म्हणजे आम्ही घरच्यांना राजमा नव्हे, विषच मंद आचेवर तापवून वाढले होते!

तेव्हा ज्यांच्या घरी असे भांडे आले असेल किंवा येणार असेल त्यांनी एवढे तरी भिंतीवर लिहून ठेवावे. राजमा किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवायचा. ते पाणी ओतून द्यायचे. नव्या पाण्यात शेगडीवर खळखळा उकळायचा. दहा मिनिटे ही अगदी खालची मर्यादा. अमेरिकेचे अन्न खाते तीस मिनिटे सांगते आणि आम्ही आता तेच पाळतो. त्यानंतरच तो मंद आचेवर जायचा. कुकरला शिजवलात तर प्रश्नच नाही. मूग, मसूर, तूर यांच्या सोललेल्या डाळींना ही भीती नाही, तरी त्यांनाही सुरुवातीला उकळी द्यावीच.

हे भांडे निघाले कुठून?

गंमत अशी की हे भांडे मुळात कडधान्यासाठीच जन्माला आले. अमेरिकेतल्या शिकागो शहरातले अर्व्हिंग नॅक्सन या ज्यू संशोधकाने ते तयार केले. १९४० साली त्याचे पेटंट मिळाले. नाव होते नॅक्सन बीनरी, म्हणजे कडधान्याचे भांडे. त्यामागची हकीकत वाचण्यासारखी आहे. ज्यू लोकांत शनिवार हा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. म्हणून पूर्व युरोपातल्या लिथुआनिया देशात शुक्रवारी संध्याकाळी बायका कडधान्य, मांस आणि भाजी मडक्यात भरत आणि बेकरीच्या तापलेल्या भट्टीत नेऊन ठेवत. भट्टीचा विस्तव निघून गेलेला, पण धग शिल्लक. त्या धगीवर रात्रभर मडके शिजे. या पदार्थाचे नाव चोलंट. घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून ऐकलेल्या या आठवणीवरून नॅक्सन यांना विजेच्या भांड्याची कल्पना सुचली. १९७० साली एका मोठ्या कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ पासून ते क्रॉक-पॉट या नावाने खपू लागले. त्या काळात अमेरिकेतल्या बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या. त्यांची नड या भांड्याने भागवली.

लिथुआनियाच्या बेकरीतले मडके आणि आमच्या आजीच्या राखेतले मडके यांत फरक तो काय? दोघींनी एकच गोष्ट ओळखली होती. डाळीला जाळ लागत नाही, धग लागते. एकदा उकळी आली की काम उरते ते ती धग टिकवण्याचे.

हिशेब वाफेचा

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पोट कारकुनीवर. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तेव्हा हा हिशेब पाहा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. पाणी उकळू लागल्यावर गॅस कितीही मोठा केला तरी उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांच्या पलीकडे जात नाही. जास्तीचा गॅस जातो तो पाण्याची वाफ करण्यात. आणि वाफ फार खर्चिक! एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ५४० किलोकॅलरी लागतात. म्हणजे डाळ शिजता शिजता उघड्या पातेल्यातले पाव लिटर पाणी आटले, तर १३५ किलोकॅलरी हवेत गेल्या. एक लिटर पाण्याला उकळी आणायला लागल्या त्याच्या जवळपास दुप्पट! आपण सिलिंडरचे पैसे भरतो ते डाळ शिजवायला. त्यातला मोठा हिस्सा छताला वाफ देण्यात खर्ची पडतो. कुठल्याही दुकानदाराने असा धंदा केला तर त्याचे दिवाळे निघेल.

विजेच्या भांड्याचाही हिशेब मांडू. समजा भांडे १५० वॅटचे आहे आणि ते आठ तास चालले, तर १.२ युनिट वीज जळेल. आपल्या बिलातला दर पाहून ज्याने त्याने गुणाकार करावा. कुकरच्या चार शिट्ट्यांपेक्षा हे फार स्वस्त पडते असे आम्हाला दिसले नाही. या भांड्याने पैसे नव्हे, उभे राहणे वाचते. शिवाय मध्येच वीज गेली आणि घरात कुणी नसले तर अन्न कोमट राहून नासते. जानेवारी २००७ मध्ये टोरेंट कंपनीकडे शहराचे वीज वितरण येण्यापूर्वीचे तासन् तास अंधाराचे दिवस आता नाहीत. तरी वीज जाणार नाही अशी खात्री कुणी द्यावी?

चिंध्यांची पेटी

मग उपाय काय? उपाय जुना आहे आणि जवळजवळ फुकट आहे. युरोपात दोन्ही महायुद्धांच्या काळात कोळसा मिळेना, तेव्हा तिथल्या बायका गवताने भरलेल्या पेटीत उकळते भांडे ठेवून देत. आत भांडे आपल्याच धगीवर शिजत राही. आपल्या भिवंडीत गवत कमी, पण चिंध्यांना काय तोटा? यंत्रमागाच्या गावात सुती चिंधी आणि गोदामांच्या गावात जाड पुठ्ठ्याचे खोके, दोन्ही वस्तू दारात.

पेटी अशी करावी. भांड्याच्या चारी बाजूंना तीन-चार इंच जागा राहील असे खोके किंवा फळ्यांची पेटी घ्यावी. तळाला जुने गोणपाट आणि त्यावर चिंध्यांचा जाड थर द्यावा. मधे भांडे ठेवून भोवती सुती चिंध्या गच्च दाबून भराव्यात, म्हणजे भांड्याच्या आकाराची खळगी तयार होते. वरून घालायला जुन्या साडीची, चिंध्या भरलेली उशी शिवावी. चिंध्या कोरड्या हव्यात. पावसाळ्यात त्यांना अधूनमधून ऊन दाखवावे. भांडे घट्ट झाकणाचे आणि दोन्ही बाजूंना आखूड कान असलेले असावे. लांब दांडा पेटीत मावत नाही. एक काळजी जरूर घ्यावी. पेटी शेगडीपासून दूर ठेवावी आणि लाकडाच्या चुलीवरचे भांडे असेल तर त्याला निखारा चिकटलेला नाही ना हे पाहूनच आत ठेवावे. चिंधी पेट घ्यायला वेळ लागत नाही.

आता शिजवण्याची रीत. मूग किंवा मसूर डाळ धुऊन पाच मिनिटे खळखळ उकळावी, झाकण लावून लगेच पेटीत ठेवावी. तासाभरात ती मऊ होते. तूरडाळ रात्री भिजवून ठेवली असेल तर सकाळी दहा मिनिटे उकळावी. दीड तासाने ती घोटण्याजोगी होते. अख्खे हरभरे, चवळी, वाटाणे आठ-दहा तास भिजवून पंधरा मिनिटे उकळावेत आणि तीन तास पेटीत ठेवावेत. मटकीला मोड आणले तर ती फार लवकर शिजते. हुलगा हट्टी! त्याला रात्रभर भिजवून वीस-पंचवीस मिनिटे उकळावे लागते, आणि दोन तासांनी बाहेर काढून पुन्हा एक उकळी देऊन पेटीत घालावे लागते. राजम्याचे वर सांगितलेच आहे. तो आमच्या घरी पेटीत जात नाही, कुकरमध्येच जातो.

भांडे निदान दोन-तृतीयांश भरलेले असावे. मोठ्या भांड्यात मूठभर डाळ असली तर ती लवकर निवते. मधेच उशी उचलून "झाली का?" म्हणून पाहू नये, दरवेळी धग निघून जाते. चार तासांपेक्षा जास्त वेळ अन्न पेटीत ठेवू नये, आणि वाढण्यापूर्वी पुन्हा एक उकळी द्यावी. ६० अंशांच्या खाली गेलेल्या ओल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. सकाळी ठेवलेले भांडे संध्याकाळी कोमट सापडले तर जीव हळहळला तरी ते फेकून द्यावे. दवाखान्याच्या बिलापेक्षा डाळ स्वस्त असते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

डाळ शिजत नाही तेव्हा

पुष्कळ भगिनींची तक्रार असते की काही केल्या डाळ शिजतच नाही. याची कारणे तीन. पहिले कारण पाणी. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते, त्याने दाण्याचे साल घट्ट होते. पिण्याचे नळाचे पाणी डाळीसाठी वापरावे. दुसरे कारण आंबट. चिंच, आमसूल, टोमॅटो आधीच घातले तर डाळ अडून बसते. म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घालावे. तिसरे कारण जुने धान्य. उष्ण आणि दमट हवेत महिनोन् महिने पडून राहिलेले कडधान्य कडक होते. महिन्यापुरतेच आणावे. काही जणी चिमूटभर सोडा घालतात. त्याने डाळ मऊ होते हे खरे, परंतु ब जीवनसत्त्वाचा एक भाग त्यात नष्ट होतो. म्हणून सोडा हा शेवटचा उपाय समजावा.

ज्यांनी आधी विचार केला

कमी इंधनात आणि कुणी उभे न राहता स्वयंपाक व्हावा, असा विचार आपल्या देशात अनेकांनी केला आहे. १९१० साली कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इक्मिक कुकर बनवला. डब्यावर डबा, खाली थोडासा कोळसा, आणि वाफेवर भात, डाळ, भाजी एकदमच तयार. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने सराई कुकर लोकांपुढे आणला. त्याचे तत्त्व तेच. सुमारे १०० ग्रॅम कोळशावर चार-पाच माणसांचा भात, डाळ, भाजी होते, आणि एकदा लावला की कुणी राखणीला बसावे लागत नाही. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामासाठी या संस्थेला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही पेटवू नये. तिच्या विषारी वायूने झोपेतच माणसे दगावतात. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत हे विशेष ध्यानात ठेवायला हवे.

उभे कोण राहणार?

आता त्या ताईच्या प्रश्नाकडे येऊ. तिच्या दिवसात ही पेटी कुठे बसते, हे आम्ही तिच्याच बरोबर बसून ठरवले. रात्री तूरडाळ भिजवायची. पहाटे पाचला उठल्यावर पहिले काम डाळीला उकळी देऊन पेटीत ठेवण्याचे. पाणी भरणे, आंघोळ, भाकऱ्या होईपर्यंत साडेसहाला डाळ तयार. फक्त फोडणी बाकी. कामाला निघताना हरभरे किंवा चवळी भिजत घालायची. संध्याकाळी साडेपाचला शाळेतून आलेल्या मुलाने पाणी बदलून, शेगडीवर पंधरा मिनिटे उकळून भांडे पेटीत ठेवायचे. आई सातला येते, तिने आल्यावर आधी चहा प्यायचा. साडेआठला उसळीला फोडणी द्यायची आणि जेवायला बसायचे.

मुलगा चौदा वर्षांचा आहे. सुरुवातीला लाजला. मित्र हसतील म्हणाला. आम्ही त्याला एवढेच म्हटले, "बाळ, तुझी आई बारा तास उभी असते. तू पंधरा मिनिटे उभा राहिलास तर काय बिघडेल?" हाच प्रश्न आमच्या वाचक बंधूंनाही आहे. समतेच्या गोष्टी आपण सभेत पुष्कळ सांगतो. पातेले उचलून पेटीत ठेवायला कुठली पदवी लागत नाही. आमच्या घरी ते काम आता आमच्याकडे आहे.

परवाच्या बैठकीत ती ताई डबा घेऊन आली होती. त्यात हुलग्याची उसळ होती. सगळ्यांनी एकेक घास घेतला. दाणा जिभेवर विरघळला असे म्हणणार नाही, पण मऊ होता. "दोनदा उकळावं लागलं," ती म्हणाली, "पण दोन्ही वेळा पोरानंच उकळलं. मी बसले होते." गटातल्या आणखी चौघींनी खोकी मागून ठेवली आहेत.

भगिनींनो, पुढच्या रविवारी करून पाहा. आणि बंधूंनो, पहिली पेटी तुम्ही भरा.